जाणूनबुजून उसवलेलं

दुकानात टांगलेल्या फाटक्या जीन्सचा गुडघा एकदा अगदी जवळून पाहा. भोकात पांढरे धागे आडवे ताणलेले दिसतील, निळा धागा मात्र क्वचितच. डेनिम विणताना उभे धागे, म्हणजे ताणा, निळीत रंगवून घेतात आणि आडवे धागे, म्हणजे बाणा, पांढरेच ठेवतात. फाडण्याच्या कामावर बसलेला कारागीर गुडघ्यावर थोड्या थोड्या अंतराने आडवे छेद देतो. त्यात निळे उभे धागे कापले जातात. मग चिमटा घेऊन तो त्यांचे तुकडे एकेक करून उपसतो. पांढऱ्या धाग्यांना धक्का लावायचा नाही, कारण आता भोकाची सगळी भिस्त त्यांच्यावरच असते. ते तुटले तर पँट चढवताना अंगठा अडकून गुडघ्यापासून पोटरीपर्यंत टरकायला वेळ लागत नाही. म्हणून काळजीने काम करणारे भोकाच्या कडेने टीप मारतात, कधी आतून पातळ कापडाचा तुकडाही लावतात.

‘पैसे मोजून फाटकं कशाला आणलंस?’ हा प्रश्न, घरात कॉलेजात जाणारं पोर असेल तर, एकदा तरी विचारला गेलेला असतोच. प्रश्न रास्त आहे. अर्धं उत्तर वर आलंच: त्या पँटवर धड पँटपेक्षा जास्त हात फिरलेले असतात आणि त्या हातांची मजुरी किमतीत धरलेली असते. उरलेल्या उत्तरासाठी चाळीसेक वर्षं मागे जायला हवं. कपड्यात मुद्दाम दोष ठेवणं हा तेव्हा काही शिंप्यांनी, शिवणकामाबद्दलच, गंभीरपणे मांडलेला विचार होता.

रेई कावाकुबो यांचा जन्म टोकियोतला, १९४२ सालचा. फॅशनचं शिक्षण त्यांनी घेतलेलं नव्हतं. केओ विद्यापीठात कलेचा अभ्यास केला, एका कापड कंपनीच्या जाहिरात विभागात नोकरी केली आणि १९६९ मध्ये ‘कॉम दे गार्सों’ या नावाने कपडे काढायला सुरुवात केली. १९८१ मध्ये त्या आणि योजी यामामोतो हे दोघे आपापले कपडे घेऊन पॅरिसला पोचले. पॅरिसमध्ये तेव्हा रुंद खांदे, बारीक कंबर आणि झगझगीत रंग यांची चलती होती. या दोघांचे कपडे काळे, ढगळ, कुठून डोकं घालायचं आणि कुठून हात हेही पटकन न कळणारे. जपानमध्ये त्यांच्या काळ्या कपड्यांतल्या चाहत्यांना ‘कावळ्यांची टोळी’ म्हणत. पॅरिसच्या पत्रकारांनी त्याहून बोचरी नावं ठेवली. अणुबाँबनंतरच्या भग्नावस्थेशी या कपड्यांचा संबंध जोडून कुत्सित मथळे छापले गेले.

पुढच्याच वर्षी कावाकुबो यांनी तो प्रसिद्ध काळा स्वेटर आणला. लोकरीचा, हाताने विणल्यासारखा, आणि जागोजागी भोकं पडलेला. लहानमोठी, वेडीवाकडी भोकं, कसर लागलेल्या कपड्याला असतात तशी. कावाकुबो त्याला लेस म्हणत. लेस म्हणजे तरी काय, भोकांची नक्षीच की.

हे भोक पाडलं कसं, हे समजून घेण्यासारखं आहे. विणकामात प्रत्येक टाका खालच्या टाक्याला धरून उभा असतो. सुईवरून एक टाका सुटला की त्याखालची सगळी ओळ शिडीसारखी उसवत खाली जाते. घरी स्वेटर विणणाऱ्या बायकांना तो क्षण चांगला ठाऊक असतो. म्हणजे विणलेल्या कापडात कात्रीने भोक पाडून चालत नाही, ते भोक तिथेच थांबणार नाही. टाके सोडायचे, पण भोवतालचे टाके धरून ठेवायचे, असा हिशेब विणतानाच करावा लागतो. कावाकुबो यांनी आणखी एक गोष्ट केली. विणकाम यंत्रांचे स्क्रू इकडेतिकडे थोडे सैल करायला लावले, म्हणजे यंत्राला आपलं काम नेहमीसारखं बिनचूक करता येऊ नये. यंत्रं इतकं एकसारखं कापड काढतात की त्याला स्वभावच उरत नाही, ही त्यांची तक्रार होती. विणकाम यंत्र बिनचूक चालावं म्हणून तंत्रज्ञांनी शंभर-दीडशे वर्षं खटपट केली होती. या बाईंनी पाना घेऊन ती जरा मागे फिरवली.

स्वतः कापड बेतता येत नसल्याचाही त्यांना उपयोगच झाला. मुंढा किती, उरेबात किती कापायचं, कळी कुठे घ्यायची, हे सांगण्याऐवजी त्या कारागिरांना कोडं घालत. एकदा त्यांनी पॅटर्न बेतणाऱ्यांपुढे कागदाचा चुरगळलेला बोळा ठेवला आणि अशा जातीचं काहीतरी करा म्हणाल्या. शिकलेला डिझायनर असं सांगणार नाही, त्याला सांगताच येणार नाही.

या कपड्यांवर लिहिणारे बहुतेक लेखक इथे ‘वाबी-साबी’ हा जपानी सौंदर्यविचार काढतात. सोळाव्या शतकातला चहा-गुरू सेन नो रिक्यू, ओबडधोबड कप, उत्तर जपानमधल्या शेतकऱ्यांचे ठिगळांवर ठिगळं लावलेले ‘बोरो’ कपडे, अशी सगळी वंशावळ मांडून दाखवतात. मला हे स्पष्टीकरण सोपं आणि आळशी वाटतं. जपानी डिझायनर म्हणून आपल्याला चौकटीत बसवलेलं कावाकुबो यांना स्वतःलाच मानवत नाही. बोरो शिवणारी शेतकरीण गरजेपोटी शिवत होती. थंडीमुळे तिकडे कापूस पिकत नसे, कापडाचा तुकडा मिळाला तर तो पिढ्यान्‌पिढ्या जपायचा. धड लोकर आणि धड यंत्र हाताशी असताना भोक पाडणाऱ्या बाईचं भांडण वेगळं आहे. ते सफाईशी आहे.

१९९७ च्या वसंत ऋतूतल्या संग्रहात हे भांडण कापडावरून थेट शरीराच्या आकारावर गेलं. शिंपी पॅड कुठे लावतो? खांद्यावर, कधी छातीला. शरीरात जे कमी असेल ते भरून काढायचं आणि जास्त असेल ते दडवायचं, हे शिवणकामाचं जुनं इमान. कावाकुबो यांनी चौकटीच्या ताणल्या जाणाऱ्या कापडाचे झगे शिवले आणि त्यात पॅड भरले ते कुल्ल्याच्या एका बाजूला, पाठीवर तिरके, मानेजवळ. कुबड आल्यासारखं किंवा गाठी उठल्यासारखं दिसे. समीक्षकांनी त्याला ‘गाठी आणि टेंगळं’ असंच नाव पाडलं. नर्तक मर्स कनिंगहॅम यांनी मात्र त्याच वर्षी आपल्या ‘सिनारिओ’ या नृत्यासाठी हे कपडे घेतले. पॅड भरलेल्या अंगाने नाचणाऱ्याचा तोल बदलतो, दोघांमधलं अंतर बदलतं, आणि त्यांना तेच हवं होतं. २०१७ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने कावाकुबो यांच्या कामाचं मोठं प्रदर्शन भरवलं. हयात डिझायनरसाठी तिथे असं प्रदर्शन त्याआधी एकदाच झालं होतं, १९८३ मध्ये इव्ह सां लोराँ यांचं.

दुसरा मोठा माणूस बेल्जियमचा. मार्टिन मार्जिएला कावाकुबो यांच्या अगदी उलट: अँटवर्पच्या रॉयल अकादमीत रीतसर शिकलेले, मग पॅरिसमध्ये जाँ पोल गोतिए यांच्या हाताखाली तयार झालेले. १९८८ मध्ये जेनी मेरेन्स यांच्याबरोबर त्यांनी स्वतःचं दुकान मांडलं. शिवणकाम हाडीमाशी भिनलेलं असल्यामुळे त्यांचा दोष पाडण्याचा मार्गही शिंप्याचा होता. त्यांनी कोट उलटा केला. अस्तर बाहेर, शिवणीची दाबून ठेवलेली कड बाहेर, खांद्याचं पॅड बाहेर. शिंपी कपडा ट्रायलला देतो तेव्हा मोठे पांढरे कच्चे टाके असतात ना, पक्की शिलाई झाली की ओढून काढायचे? मार्जिएला यांनी ते तसेच ठेवून कपडे विकले. १९९७ मध्ये तर शिंप्याच्या दुकानातल्या पुतळ्याचं जाड लिननचं आवरणच जाकीट म्हणून मॉडेलच्या अंगावर चढवलं. गिऱ्हाइकाला जे कधी दिसू नये म्हणून शिंपी जन्मभर धडपडतो, ते सगळं त्यांनी दर्शनी भागात आणलं.

त्यांच्या कामातली माझी सगळ्यात आवडती गोष्ट बाहुल्यांच्या कपड्यांची. १९९४ मध्ये त्यांनी बाहुल्यांचे खरे कपडे घेतले आणि माणसाच्या मापाला येतील असे जवळपास पाचपट मोठे करून जसेच्या तसे शिवले. आता बाहुलीचा सदरा नीट आठवून पाहा. तिच्या मापात बटण पुरेसं बारीक करता येत नाही, म्हणून ते सदऱ्याच्या मानाने मोठं असतं. चेनचे दातही तसेच. टाके लांब, लोकर जाड, गळपट्टी फताडी. बाहुलीच्या अंगावर हे कुणाच्या ध्यानात येत नाही. पाचपट केलं की बटण बशीएवढं होतं, टाका बोटाएवढा लांब दिसतो. इथे डिझायनरने एकही चूक केलेली नाही. नुसता गुणाकार केला, आणि आधीपासून असलेल्या सगळ्या चुका डोळ्यांत भरण्याएवढ्या झाल्या.

लष्करी मोज्यांचे स्वेटरही त्यांचेच. मोजे उसवून जोडायचे ते अशा बेताने, की टाचेचा फुगवटा नेमका कोपरावर आणि छातीवर यावा. म्हणजे बाहेरून जोडाजोड, आत चोख बेतकाम. रॉटरडॅमच्या एका संग्रहालयात १९९७ मध्ये त्यांनी आपल्याच जुन्या कपड्यांवर बुरशी आणि जिवाणू वाढवून ते मांडले, तेव्हा कपड्यांचा पोत आणि रंग दिवसागणिक बदलत गेले. आपल्याकडे पावसाळ्यात हे काम कपाट फुकटात करतं, पण ते सोडा.

मार्जिएला यांच्या कपड्यावर नावाचं लेबल नसे. कोरा पांढरा कापडी तुकडा चार कोपऱ्यांवर चार टाक्यांनी टाचलेला. ते टाके कपड्याच्या पाठीवर बाहेरून दिसत. वाटलं तर गिऱ्हाइकाने ते काढून टाकावेत, अशी सोय. गिऱ्हाइकांनी अर्थातच ते काढले नाहीत. फॅशन कळणाऱ्या माणसाला लांबून ते चार टाके ओळखू येऊ लागले आणि बिननावाचा कपडा हाच सगळ्यात मोठा शिक्का ठरला.

कपडा मुद्दाम बिघडवण्याची कल्पना या दोघांनी शोधलेली नाही. सोळाव्या शतकात युरोपातले भाडोत्री सैनिक आपल्या सदऱ्यांना आणि तुमानींना मुद्दाम चिरा पाडत आणि त्यातून आतलं वेगळ्या रंगाचं कापड ओढून बाहेर काढत. स्विस सैनिकांनी बर्गंडीच्या ड्यूकचा पराभव करून लुटलेल्या रेशमाने आपले फाटके कपडे भरले, तिथून ही चाल पडली, अशी आख्यायिका आहे. काही दशकांत ती राजवाड्यात पोचली. आठव्या हेन्रीच्या चित्रांतही असे चिरलेले कपडे दिसतात. जपानमध्ये बौद्ध भिक्षूची चिंध्या जोडून केलेली छाटी हा वैराग्याचा नियम. पुढे श्रीमंत भक्त जरीचं भारी कापड दान देऊ लागले, तेव्हा ते धड कापड आधी तुकडे करून कापायचं आणि मग पुन्हा जोडून छाटी शिवायची, अशी रीत झाली. नियमही राहिला आणि जरही.

एक हकीकत मुंबईची आहे. पुढे ‘लीला’ हॉटेलांचे मालक म्हणून नावाजलेले कॅप्टन सी. पी. कृष्णन नायर तेव्हा कापडाचे निर्यातदार होते. १९५८ मध्ये विल्यम जेकबसन नावाचा अमेरिकी आयातदार त्यांच्याकडून मद्रास चौकटीचं हातमागाचं कापड घेऊन गेला. हे कापड थंड पाण्यात हलक्या हाताने धुवा, रंग जातो, असं नायर यांनी बजावलं होतं. ती सूचना वाटेतच गळाली, असं सांगतात. न्यूयॉर्कच्या ब्रूक्स ब्रदर्सने शर्ट शिवून विकले, गिऱ्हाइकांनी ते यंत्रात धुतले, आणि लाल निळ्यात, निळा पिवळ्यात उतरला. तक्रारींचा पाऊस पडला. मग जाहिरातवाल्यांनी डोकं लढवलं आणि रंग जाण्याचीच हमी द्यायला सुरुवात केली: प्रत्येक धुण्यात तुमचा शर्ट बदलेल, दुसऱ्या कुणाकडे तसा नसेल. माल तोच, दोषही तोच, पण रंग न गेलेला मद्रास शर्ट आता लोकांना नकली वाटू लागला. इथे डिझायनरच्या हेतूचा संबंधच नव्हता. हेतू मागाहून जोडला गेला.

जीन्सचंही मूळ असंच आहे. लेव्ही स्ट्रॉस आणि जेकब डेव्हिस यांना १८७३ मध्ये तांब्याच्या रिव्हेटांचं पेटंट मिळालं ते कष्टकऱ्यांच्या पँटी टिकाव्यात म्हणून. निळीचा रंग सुताच्या गाभ्यापर्यंत जात नाही, बाहेरच्या थरावरच बसतो. त्यामुळे जिथे घासलं जाईल तिथला थर निघतो आणि आतला पांढरा गाभा उघडा पडतो: मांडीवर बसण्याच्या घड्या, गुडघ्यामागची जाळी, खिशात पाकिटाची चौकोनी खूण. पँट वापरणाऱ्याच्या सवयींचा नकाशाच त्यावर उमटतो. हा नकाशा दुकानात तयार मिळावा असं कुणालातरी वाटलं, तिथे गोष्ट बदलली.

सत्तर-ऐंशीच्या दशकांत जीन्स मोठाल्या यंत्रांत ज्वालामुखीच्या सच्छिद्र दगडांबरोबर धुतल्या जाऊ लागल्या. दगडांनी यंत्रंही झिजत आणि गाळ साचे, म्हणून पुढे कापसाचा वरचा थर खाणारं सेल्युलेज हे विकर आलं. मांडीवरच्या घड्या काढायला हाताने पॉलिशपेपर घासणं, पोटॅशियम परमँगनेट फवारणं हेही आलं. आणि आला वाळूचा मारा. दाबाखालच्या हवेच्या बंदुकीने कापडावर बारीक वाळू सोडायची, काही मिनिटांत पँट वर्षानुवर्षं वापरल्यासारखी दिसते. तुर्कस्तानात हे काम छोट्या, बंद, धड खिडकीही नसलेल्या खोल्यांत चाले. खेड्यांतून आलेली तरुण पोरं ते करत, अनेकदा साध्या कापडी मास्कवर. वाळूतली सिलिका श्वासाबरोबर फुप्फुसात जाऊन बसते आणि तिथे व्रण होत जातात. हा सिलिकोसिस, खाणकामगारांचा जुना रोग. तो बरा होत नाही. एरवी वर्षानुवर्षं खाणीत घालवल्यावर होणारा हा आजार इथे विशीतल्या मुलांना काही वर्षांत, कधी काही महिन्यांच्या कामानेही होतो, हे तुर्की डॉक्टरांच्या ध्यानात या शतकाच्या पहिल्या दशकात आलं. मार्च २००९ मध्ये तुर्कस्तानने वाळूच्या माऱ्यावर बंदी घातली. २०१० मध्ये लेव्हाइज आणि एच अँड एम या कंपन्यांनीही तो बंद करत असल्याचं जाहीर केलं. पण तोवर काम दुसऱ्या देशांत सरकलेलंही होतं. आता मोठ्या कारखान्यांत लेझरने रंग जाळतात, ते त्या मानाने पुष्कळ बरं.

माझा आक्षेप इथे आहे. कावाकुबो यांचं भोक विणताना जन्माला येतं, मार्जिएला यांचा उलटा कोट शिवण समजून घेतल्याशिवाय उलटा करता येत नाही. तो दोष काढून टाकला तर कपडाच उरत नाही. कारखान्यातली झीज मात्र धड कपड्यावर मागाहून चढवलेली असते, आणि ती चढवताना खरोखर झिजतो तो दुसराच कुणी.

शिवाय फाटकं कोण घालतं, यावरही बरंच अवलंबून असतं. गाडगेबाबा चिंध्या जोडून अंगावर घेत, लोक त्यांना गोधडेबुवा म्हणत. तेही मुद्दामच होतं, पण त्या चिंध्या विकत आणलेल्या नव्हत्या आणि संध्याकाळी उतरवूनही ठेवायच्या नव्हत्या. २००० साली जॉन गॅलियानो यांनी दिओरसाठी पॅरिसमधल्या बेघरांच्या वेषावरून बेतलेले लक्तरांचे महागडे झगे आणले, तेव्हा निषेध झाला तो या कारणाने. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या नॉर्डस्ट्रॉम दुकानाने चिखलाने माखल्यासारखी दिसणारी जीन्स ४२५ डॉलरना विकायला काढली. चिखल नकली होता आणि धुतला तरी जायचा नव्हता. २०२२ मध्ये बालेन्सियागाने फाटक्या, मळक्या कॅनव्हास बुटांचे १०० जोड काढले, किंमत १८५० डॉलर. या दोन्हीत शिवणकामाचा विचार शोधून मला सापडला नाही.

तरीही झिजलेल्या कपड्याचं आकर्षण खोटं आहे असं मी म्हणणार नाही. मलाही विरलेला सदरा कोऱ्या सदऱ्यापेक्षा आवडतो. तेव्हा वाचकांना एवढंच सुचवतो: तशी जीन्स हवी असेल तर कोऱ्या, न धुतलेल्या गडद निळ्या डेनिमची घ्या. सुरुवातीला ती कडक लागेल, बसताना टोचेल. वर्षभर नेमाने वापरा, मांडीवरच्या घड्या आपोआप पांढऱ्या पडतील. फक्त पहिली काही धुणी ती उलटी करून थंड पाण्यात, वेगळ्या बादलीत काढा, कारण निळीचा रंग घरातल्या बाकीच्या कपड्यांना लागतो.